पडद्यावरचा बाण

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात अनंत पोंक्षेचं दुकान होतं. पाटीवर 'मुद्रा ग्राफिक्स' असं लिहिलेलं, पण पलूसपासून कवठे महांकाळपर्यंत लोक त्याला 'फोटो कापणारे पोंक्षे' म्हणूनच ओळखायचे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फलक असं सगळंच तो करायचा. नाव झालं ते मात्र एकाच कामामुळे. गर्दीच्या फोटोतून एक माणूस तो असा अलगद सुटा करून द्यायचा, की तो आधी कुणाच्या शेजारी उभा होता याचा मागमूस राहू नये.

हे काम बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच निघतं. जिवंतपणी कुणी एकट्याचा चांगला फोटो काढून ठेवत नाही. मग घरचे लोक कुठल्या तरी बारशातला नाहीतर जत्रेतला फोटो घेऊन येतात आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगतात, "हे आमचे अण्णा." अनंत उजव्या हातात माउस धरून अण्णांच्या कडेने एकेक बिंदू देत निघायचा. टोपी, कान, मान, खांदा. शेवटचा बिंदू पहिल्याला येऊन मिळाला की अण्णा मोकळे. बायको क्षमा पुढच्या काउंटरवर बसून कामं घ्यायची आणि पत्रिकांचं शुद्धलेखन तपासायची. कॉम्प्युटरला तिने कधी हात लावला नव्हता. ते त्याचं देवघर होतं.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये कृष्णा पेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं तेव्हा कॉम्प्युटर उलथा पडून गाळाने भरलेला होता. बोळातले सगळे दुकानदार नाकाला रुमाल बांधून गाळ उपसत होते. अनंत तेवढा उघड्या तोंडाने खोरं मारत होता. शेजारचा म्हणालाही, "पोंक्षे, तुमच्या नाकाची धन्य आहे."

अनंतचा पुतण्या वरद पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. त्याने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि त्यावर लिनक्स नावाची सिस्टीम घालून दिली.

"काका, हे फुकट आहे आणि चोरीचंही नाही. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय."

"म्हणजे मालक कुणीच नाही. मग बिघडलं तर धरायचं कुणाला?" अनंतने विचारलं.

"मला धरा," वरद हसून म्हणाला.

सगळंच नवं होतं. फोटोचं सॉफ्टवेअर वेगळं, मराठी टाइप करायची पद्धत वेगळी. कुरकुरत का होईना, अनंत ते शिकला. पण मनातून त्या यंत्राशी त्याचं कधी जमलं नाही. पाहुण्याच्या घरात राहावं तसा तो त्यात वावरायचा.

पुढच्या वर्षी करोना आला. लग्नपत्रिका थांबल्या आणि फोटो वाढले. आता लोक दुकानात येत नव्हते, मोबाइलवर फोटो पाठवत होते. खाली नुसतं नाव आणि तारीख. अनंत दार लावून घेऊन दिवसभर माणसं सुटी करत बसायचा. त्याच सुमारास त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला फोडणीचा वास येत नाही. ज्याला त्याला तेच झालं होतं, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही.

पडद्यावरचा माउसचा बाण थरथरायला लागला तो त्यानंतर.

बिंदू द्यायला जावं, तर दाबायच्या क्षणी बाण दोन केस बाजूला सरकायचा. खांद्याची गोलाई करवतीच्या दात्यांसारखी व्हायची. अनंतने आधी माउसची खालची बाजू पुसली. मग खालचं रबरी पॅड बदललं, मग माउसच बदलला. बिनतारी काढून तारेचा आणला, तो काढून महागातला आणला. नवा माउस आणला की चार दिवस बरं वाटायचं. कदाचित नुसतं वाटायचंच. पाचव्या दिवशी बाण पुन्हा माशीसारखा एका जागी फडफडायचा.

"ही तुझी फुकटची सिस्टीम," तो वरदला फोनवर म्हणायचा. "आधीच्या मशीनवर असं कधी झालं नाही."

वरद धीराने सांगत राहायचा. अनंतने बाणाचा वेग कमी केला. हात जोरात हलला की बाण जास्त पळतो, तशी सोय असते, ती बंद केली. मग वरदने पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावून एकेक अक्षर सांगत इंग्रजी आज्ञा टाइप करून घेतल्या. अनंतने त्या कोऱ्या पत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर त्याला वाचता येईना. मुंग्यांची रांग चालली होती जशी.

याच दिवसांत ज्ञानू दुकानात आला.

पलूसच्या अलीकडच्या एका गावचा. उसाचं शेत, चाळिशीचा माणूस. दाढी वाढलेली, टोपी हातात. त्याने मोबाइल पुढे केला. औंधला यमाईच्या पायऱ्यांवर काढलेला फोटो होता. दहा-बारा माणसं, सगळी उन्हाने डोळे बारीक केलेली. त्याने एका मुलीवर बोट ठेवलं.

"ही आमची सृष्टी. आठवीला हुती. शुक्रवारी तिचं दिवस हायत. तसबीर करून पायजे."

क्षमाने नाव लिहून घेतलं. काय झालं होतं, ते तिने विचारलं नाही.

अनंत त्या फोटोवर दोन दिवस बसला. मुलीचे केस वाऱ्याने उडालेले, डाव्या कानावरून मागे गेलेले, आणि कानाला लागून मागच्या बाईचं गडद लुगडं. हातात कसब असताना हे अर्ध्या तासाचं काम होतं. आता बाण कानापाशी आला की आत घुसायचा, मागे ओढावा तर गालावर उतरायचा. शेवटी त्याने सबंध कडाच धूसर करून टाकली आणि छापून, काच लावून तसबीर तयार ठेवली. कान गेला होता, हे त्याला दिसलं नव्हतं असं नाही. दु:खातल्या माणसाला ते दिसणार नाही, असं त्याने धरून चाललं होतं.

बुधवारी ज्ञानूने तसबीर उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि पुन्हा बघितली.

"आवं मालक," तो हळू आवाजात म्हणाला, "पोरीचा कान कुटं गेला?"

अनंतने तसबिरीकडे पाहिलं.

"कानात डूल हुतं. तिच्या आजीनं दिल्यालं. त्ये बी गेलं."

"मशीनचा घोटाळा आहे," अनंत म्हणाला. "नवीन सिस्टीम टाकलीये, तिचा माउस नीट चालत नाही. उद्या या. मी दुरुस्त करून ठेवतो."

"उद्या सकाळच्याला येतो. परवा दिवस हाय," ज्ञानू म्हणाला. तो रागावला नाही. टोपी घालून बोळातून निघून गेला. अनंतला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने लगेच वरदला फोन लावला. वरदने पुण्यात बसून इंटरनेटवरून काकाचा पडदा आपल्या पडद्यावर घेतला.

"काका, तुम्ही माउसवरचा हात काढा. मी इथून हलवून बघतो."

अनंतने हात काढला. बाण पडद्याच्या एका कोपऱ्यातून निघाला आणि सुतासारखा सरळ दुसऱ्या कोपऱ्यात गेला. तिथून गोल फिरून मधोमध येऊन थांबला.

"सिस्टीममध्ये तर काही दिसत नाही," वरद म्हणाला. त्याने बाण पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग तो म्हणाला, "काका, एकदा काकूला सांगा ना माउस धरायला."

"ती घरी गेलीये," अनंत म्हणाला.

क्षमा चार हातांवर काउंटरपाशी पत्रिकांचे गठ्ठे बांधत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. अनंतने फोन ठेवून दिला.

दोरीची गाठ मारून ती उठली आणि त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "मी घरी गेलेली नाही."

तो उठला. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तापलेल्या भांड्याला हात लावावा तसा तिने माउसला हात लावला.

"काय करू?"

"सरळ रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तिने बाण नेला. पहिल्यांदा पाटी घेतलेल्या पोरासारखा, अडखळत, हळूहळू नेला. पण तो थरथरला नाही. तिने हात थांबवला, तेव्हा तोही दगडासारखा थांबला.

अनंत पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीशी लोंबत होता आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता, जपाची माळ ओढावी तसा. अनंतने त्याला फिरायला सांगितलं नव्हतं. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला, तर दुसऱ्या हातालाही ती थरथर लागली.

"माउस खराब आहे," तो म्हणाला.

"अहो."

बोळातून कुणी तरी स्कूटर ढकलत नेत होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"तुमची सही केवढीशी झालीये. कप डाव्या हाताने उचलता. बटणं लावायला किती वेळ लागतो तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिनक्सला नावं ठेवत होतात," क्षमा म्हणाली. "मला वाटलं, ठेवू देत."

संध्याकाळी वरदचा पुन्हा फोन आला. तो क्षमाने घेतला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अनंतकडे फोन आला तेव्हा वरदचा आवाज बदललेला होता.

"काका, माउसशिवायही बाण हलवता येतो. सेटिंगमध्ये एक भाग असतो..." तो अडखळला. "ज्यांना हाताचा त्रास असतो त्यांच्यासाठी."

"अपंगांसाठी," अनंत म्हणाला.

"हो. म्हणजे, तसं नाव आहे त्याला."

कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांची बटणं असतात. ती सोय चालू केली की आठचं बटण बाणाला वर नेतं, दोनचं खाली, चारचं डावीकडे, सहाचं उजवीकडे. पाच दाबलं की बिंदू पडतो. बटण एकदा दाबलं की बाण कणभर सरकतो आणि थांबतो. बोट कितीही थरथरलं तरी बटणाला त्याचं काही नसतं. अनंतने कीबोर्ड डावीकडे सरकवून ती बटणं डाव्या हाताखाली घेतली.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ज्ञानू पायरीवर बसलेला होता. काम झालेलं नव्हतं. आत्ता बसून करतो, वेळ लागेल, असं अनंतने सांगितलं. ज्ञानू म्हणाला, "लागू द्या. घरात तरी काय करायचंय," आणि स्टूल ओढून अनंतच्या मागे बसला.

बाण मुलीच्या हनुवटीपासून निघाला. चार दाब वर, एक उजवीकडे, पाच. पुन्हा तीन वर, पाच. फोटो एवढा मोठा केलेला, की पडद्यावर एका वेळी नुसता गाल मावायचा. बाप मागे बसून आपल्या मुलीचा चेहरा बोटभर-बोटभर पाहत होता. इतक्या सावकाश त्याने तिला ती असतानाही कधी पाहिलं नसेल.

"लय अवखळ हुती," थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला. "फोटोला उभी म्हनून ऱ्हायाची न्हाई. म्हनून तर तिची आई मागं धरून उभी हाय बगा. डेंगीचा ताप आल्ता. गावात सलाइन लावली, उतरला. मग पुन्ना चढला. गाडी करून सांगलीला आनाय लागलो, तर नांद्र्याच्या पुढं आल्यावर म्हनली, पप्पा, खिडकी उघडा. उघडली. सांगली दिसाय लागली तवा तिचा हात गार लागला."

अनंत बटणं दाबत राहिला. खांद्यापाशी बाण थांबला. तिथे चार बोटं होती. मागे उभ्या बाईचा हात.

"हा हात..." अनंतने विचारलं.

"तिच्या आईचा."

"ठेवला तर खांद्यावर नुसतीच चार बोटं दिसतील. बाकीचा हात नसणार."

ज्ञानूने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"काढा," तो म्हणाला.

बोटांच्या जागी झग्याचा कपडा भरायचा होता. शेजारच्या निळ्या कापडाचा तुकडा उचलून तिथे बसवत अनंतने एकेक बोट पुसलं. चौथं पुसताना त्याने बटणावरचं बोट उचललं आणि उगाच खिडकीबाहेर पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर हलत होता. ज्ञानूचं तिकडे लक्ष गेलं.

"हात दुकतुय व्हय मालक?"

"नाही," अनंत म्हणाला. "काल तुम्हाला खोटं सांगितलं. मशीन चांगलं आहे. माउसही चांगला आहे. हातच बिघडलाय माझा." हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता. स्वतःलाही त्याने ते अजून या शब्दांत सांगितलं नव्हतं.

"माज्या आज्याचा असाच हलायचा," ज्ञानू म्हणाला.

"मग?"

"मग काय. हलत हलत गेला."

क्षमाने दोघांना चहा दिला. उन्हं बोळात उतरून पुन्हा भिंतीवर चढली तेव्हा कान सुटा झाला. डूलही आलं, बारीकसं, पिवळं. छापून, काच लावून तसबीर हातात दिली तेव्हा ज्ञानूने आधी कानच बघितला. "हाय," म्हणाला. मग टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून, पलूसची गाडी गाठायला गेला.

पुढच्या आठवड्यात क्षमा अनंतला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, चिमटी उघड-मीट करायला लावली, कागदावर एक ओळ लिहून घेतली. मग विचारलं, "वास येतो का?"

"करोनात गेला, तो परत आला नाही," अनंत म्हणाला.

"त्याच्या आधी येत होता?"

"येत असणार."

"अहो," शेजारून क्षमा म्हणाली, "पुराच्या गाळाचा तुम्हाला आला होता?"

अनंतने आठवून पाहिलं. सबंध सांगली त्या वासाने ओकत होती. त्याला आठवला तो गाळाचा रंग आणि खोऱ्याचा जडपणा. वास आठवेना.

"या आजारात वास आधी जातो. म्हणजे तेव्हापासून," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. कंपवात. बरा होत नाही. गोळ्यांनी काही वर्षं बरी जातात. डॉक्टरांनी हे अनेकदा सांगितलेलं असावं, कारण ते सांगताना ते लिहायचे थांबले नाहीत.

गोळ्यांनी खरंच हात थांबला. अनंतने कीबोर्ड पुन्हा उजवीकडे सरकवला, माउस धरला, आणि बाण त्याच्या मनासारखा फिरला. त्या दिवसांत तो हौसेने काम करायचा, येईल त्याच्याशी बोलत बसायचा, वरदला फोन करून लिनक्सची तारीफही करायचा. क्षमा मात्र याच दिवसांत दुपारी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागली. "शिकवा मला," म्हणाली. त्याला राग आला. मग त्याने शिकवलं.

गोळीचा अंमल आधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकायचा. मग दुपारपर्यंत टिकायला लागला. मग गोळी घेतल्यावर तासाभराने अंग मोकळं व्हायचं आणि पुन्हा आखडायचं. माउस गेला. काही दिवस बटणं चालली. पण पुढे डाव्या हाताचं बोट एकदा बटणावर ठेवलं की उचलायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि तोवर बाण पडद्याच्या कडेला जाऊन टेकलेला असायचा. वरदने त्यावरही उपाय शोधले, दाबलेलं बटण उशिरा मोजायचं, एकाच बटणाचे दोन दाब एक धरायचे. प्रत्येक उपाय काही महिने पुरला. मग एका सकाळी अनंत दुकानात आला आणि आपल्या खुर्चीत न बसता मागच्या स्टुलावर बसला. क्षमा खुर्चीत बसली.

आता ती माउस चालवते आणि तो मागून सांगतो. "थोडं आत घे. केस सोडू नकोस." पहिली दोन वर्षं असंच चाललं, आणि काम जवळजवळ त्याच्यासारखं उतरायचं. मग त्याचा आवाज उतरायला लागला. त्याला वाटायचं आपण नेहमीसारखंच बोलतोय, ती मागे वळून विचारायची, "काय?" दोन-तीनदा विचारून ती कंटाळत नसे, पण कामाची घाई असली की विचारायची राहून जायची. आणि गोळ्यांनी आता त्याची मानही डोलायला लागली होती, सारखी, झाडाला वारा लागावा तशी.

गेल्या पावसाळ्यानंतर कवठे महांकाळहून एका म्हातारीचा फोटो आला. नातवाच्या लग्नातला, शेजारी दाटीवाटीने माणसं. क्षमाने दुपारभर बसून ती सुटी केली. पदराची किनार चांगली साधली होती. पण कपाळाशी, कुंकवाच्या वर, पांढऱ्या केसांची एक बट मागच्या पांढऱ्या भिंतीबरोबर कापली गेली होती. अनंतला ती लगेच दिसली. म्हातारीच्या लेकीला घरी नेल्यावर दिसेल, आणि मग रोज दिसेल, हेही त्याला दिसलं.

त्याने तोंड उघडलं. शब्द आत तयार होता, फक्त बाहेर यायचा होता.

क्षमाने वळून पाहिलं. "काही सांगायचंय? राहिलंय का काही?"

त्याची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होती.

"नाही ना? मग देते छापायला," ती म्हणाली, आणि तिने दिलं.